झाकलेलं शहर

मंगळवारपासून ओस्तापचा प्लस आला नव्हता.

एरवीही तो फार काही लिहीत नसे. आघाडीवरची माणसं सकाळी घरी नुसतं अधिकचं एक चिन्ह पाठवतात. आहे मी, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे लिहायला वेळ नसतो, आणि वेळ असला तरी बायकोला लिहिण्यासारखं तिथे काही घडत नसतं. मार्ताला त्या चिन्हाची इतकी सवय झाली होती की डोळे उघडले की ती उशीखालून फोन काढायची, प्लस बघायची, आणि मग तिची सकाळ व्हायची. कधी तो दुपारी यायचा. कधी एखादा दिवस कोरा जायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन एकदम यायचे, जणू त्याने उधारी चुकवली. पण आता शनिवार उजाडला होता.

घंटा वाजली तेव्हा ती झ्लाताला लापशी भरवत होती. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. ती बातमी फोनवर येत नाही. गणवेशातली दोन माणसं जिना चढून येतात, टोप्या काढून हातात धरतात आणि आधी तुमचं नाव विचारतात. समोरच्या इमारतीतल्या लायब्ररीवाल्या बाईंकडे ती अशीच आली होती. त्या बाईंनी दार उघडलंच नाही म्हणे, कितीतरी वेळ. मार्ता पाय न वाजवता दारापाशी गेली आणि भोकातून बघितलं. बाहेर सोलोमिया होती. तिच्यामागे भिंतीला टेकून इन्ना उभी होती.

"तू?" दार उघडत मार्ता म्हणाली. "तुला तर तुझ्या दवाखान्यातून नाक शिंकरायलाही रजा मिळत नाही."

"मिळाली," इन्ना म्हणाली. "रात्रीच्या बसने आले. आत घेतेस, की पायरीवरच पाहुणचार करतेस?"

तिघी खार्किवच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या. एकच तवा, एकच इस्त्री, आणि परीक्षेच्या दिवसांत एकच चांगला स्वेटर. इन्ना आता विन्नित्सियाच्या एका दवाखान्यात औषधांचं कपाट सांभाळत होती. सोलोमिया इथली, ल्विव्हचीच. शिकून सवरून तिने गोळ्या विकण्याऐवजी पर्यटकांना शहर दाखवायचा धंदा धरला, आणि पर्यटक यायचे बंद झाल्यावर ती शाळेत इतिहास शिकवू लागली. मार्ता सीमेजवळच्या सुमी शहरातून पोरीला कडेवर घेऊन इथे आली ती तिच्याच भरवशावर. औषधांच्या दुकानात नोकरीही तिनेच लावून दिली.

"बूट घाला दोघी," सोलोमिया म्हणाली. "आज शहर बघायचं."

"मला नाही बघायचं."

"दोन वर्षं इथे राहतेस आणि ऑपेराच्या पायरीला तुझा पाय लागलेला नाही. लोक मला नावं ठेवतात."

"शहर काही पळून जात नाही, सोल्या."

"हल्ली त्याचीही खात्री नाही," इन्ना म्हणाली आणि झ्लाताच्या तोंडाजवळचा चमचा आपल्या हातात घेतला. "काय गं ए, आज मावशीबरोबर केक खायचा, की आईबरोबर भिंत बघत बसायचं?"

"केक," झ्लाता म्हणाली. निकाल लागला.

मार्ता शहर बघत नव्हती याला एक कारण होतं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मागच्या शरद ऋतूत ओस्ताप रजेवर आला तेव्हा त्याने ठरवलं होतं की बायकोला ल्विव्ह दाखवायचं. पण तो आला आणि झोपला. उठून जेवला आणि पुन्हा झोपला. जायच्या दिवशी स्टेशनवर त्याने तिचा कान धरला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की. आणि हे बघ, माझ्याशिवाय बघून घेऊ नकोस. नाहीतर मी येऊन काय करू?" तो हसत बोलला होता. तिने मात्र ते पदरात बांधून घेतलं. शहर न बघितलेलं आहे तोवर त्याला यावं लागेल, असा तिने कोणाशी तरी करार केला होता. कोणाशी ते तिलाही ठाऊक नव्हतं. दुकानाला जाता येता ती चौकातून न जाता मागच्या गल्लीने जायची आणि नजर फरशीवर ठेवायची.

आज दोघी तिला त्याच चौकात घेऊन आल्या.

हवा छान होती. एप्रिलचं ऊन दगडांवर पडलं होतं, ट्राम वळणावर नेहमीसारखी किंचाळत होती, कॉफीचा वास गल्लीगल्लीतून येत होता. मार्ताने जीव मुठीत धरून मान वर केली, आणि तिला जवळजवळ हसू आलं. चौकातल्या चारही कारंज्यांवरचे पुतळे पांढऱ्या कापडात गुंडाळून दोरीने करकचून बांधले होते, भोवती लोखंडी पाइपांचे पिंजरे. कथीड्रलच्या रंगीत काचांवर पत्रे ठोकले होते. काळ्या दगडाच्या कोरीव चॅपलला गळ्यापर्यंत गोणपाट आणि फळ्या. बॉम्ब पडलाच तर निदान दगड वाचावेत म्हणून शहराने आपलं सगळं देखणं झाकून ठेवलं होतं. हे ती ऐकून होती. पण आपल्या कराराला त्याचा असा उपयोग होईल हे तिला सुचलं नव्हतं. झाकलेलं बघितलं तर ते बघणं कसं म्हणायचं?

"तर मंडळी," सोलोमियाने जुन्या सवयीने हात पसरले, "उजवीकडे समुद्राचा देव. हातात त्रिशूळ, पायाशी मासा, अंगावर कपडा नाही. दिसत नाही, पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. त्याच्या समोर त्याची बायको. तीही उघडीच."

"आता दोघांनाही अंगभर मिळालं," इन्ना म्हणाली.

"तो आत झोपलाय?" झ्लाताने विचारलं.

"हो."

"मग श्वास कसा घेतो?"

"दगड आहे गं, त्याला श्वास लागत नाही."

"मग त्याला काय होणार आहे? गुंडाळलाय कशाला?"

इन्नाने सिगारेट पेटवली आणि लगेच विझवली. मार्ताने फोन काढून बघितला, परत खिशात ठेवला.

गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि ट्राम थांबली. मागून मोटारी थांबल्या. मग बिगुल ऐकू आला. सैनिकांच्या चर्चमधून प्रेतयात्रा निघाली होती. शहरात असा एखादाच दिवस जातो की ती निघत नाही. कॉफीचे पेले टेबलावर ठेवून माणसं उठली, रस्त्याच्या कडेला आली आणि जिथल्या तिथे गुडघ्यावर बसली. ट्रामचा चालक खाली उतरून रुळांशेजारी बसला. एक नटलेली मुलगी आधी पांढऱ्या पॅंटकडे बघून थबकली, आणि मग तीही बसली. झ्लाता कोणी न सांगता एक गुडघा टेकून, मान खाली घालून बसली. बालवाडीत त्यांचा तो खेळच होता: एकजण गाडी व्हायचा, बाकीचे गुडघे टेकायचे.

काळी गाडी हळूहळू पुढून गेली. मागे एक बाई दोघांच्या आधाराने चालत होती. तिच्या कोटाची बटणं चुकीची लागली होती, एक वर, एक खाली. मार्ताचं लक्ष त्या बटणांवरून हलेना.

"हे कोणाचे बाबा?" झ्लाताने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही, चिमणे."

"आपले नाहीत ना?"

"नाहीत," मार्ता म्हणाली.

शेजारी काहीतरी आवाज झाला. सोलोमिया रडत होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून, खांदे हलत. मार्ता बघत राहिली. सोलोमियाची शाळा याच रस्त्यावर होती. मुलांची रांग घेऊन ती दर दुसऱ्या दिवशी इथे गुडघ्यावर बसायची आणि उठून पुढचा धडा घ्यायची. तीच मागे एकदा म्हणाली होती, माझ्या डोळ्यांना आता घट्टे पडलेत.

"अगं, काय झालं?" मार्ताने विचारलं.

"काही नाही. खडा टोचला गुडघ्याला." ती उठून पुढे चालू लागली. रडल्यामुळे तिला वाट दिसत नसावी. नेहमीच्या गल्लीऐवजी भलतीकडेच वळली, आणि इन्नाने तिच्या कोपराला धरून सरळ केलं.

आर्मेनियन लोकांच्या जुन्या चर्चच्या आवारात काही झाकलेलं नव्हतं. लाकडात कोरलेला उंच क्रूस, त्याच्या पायाशी माणसं, वर छोटंसं छप्पर. मार्ताने झटकन पाठ फिरवली आणि फरशीवरची जुनी थडग्यांची अक्षरं बघू लागली.

"इकडे बघ ना," सोलोमिया म्हणाली. "चौकाच्या आसपास एवढं एकच उघडं आहे."

"नको."

"का?"

मार्ताने झ्लाताकडे बघितलं. ती पोर इन्नाबरोबर कबुतरांमागे धावत होती. मग तिने सांगून टाकलं. स्टेशनवरचं बोलणं, कान धरणं, सगळं. सांगता सांगता तिला स्वतःचीच लाज वाटली. "वेडेपणा आहे, मला कळतं. पण तो आल्यावर त्याच्याबरोबर बघेन. उरलेलं राहू दे."

तिला वाटलं होतं की सोलोमिया आता टर उडवणार. म्हणणार, औषधशास्त्राची पदवी घेतलीस ना गं तू. पण सोलोमियाने मार्ताच्या गळ्यातला रुमाल नीट केला, जो नीटच होता, आणि म्हणाली, "आलेच मी. इथेच थांबा." आणि आवाराबाहेर निघून गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात ट्यूलिप होते. दारापाशी बादलीत फुलं घेऊन बसलेल्या म्हातारीकडून घेतलेले, तांबडे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

"घे. शहरातर्फे. त्याने तुला अजून तोंड दाखवलं नाही, म्हणून."

मार्ताने फुलं घेतली. झ्लाता धावत आली आणि चवड्यांवर उभी राहून फुलांना बोट लावून मोजू लागली. नुकतीच मोजायला शिकली होती. जिने, खिडक्या, शेंगा, काही सोडत नव्हती.

"...चार, पाच, सहा." ती थांबली. "सोल्या मावशी, सहा आहेत. ही तर थडग्यावरची झाली."

जिवंत माणसाला सम फुलं देत नाहीत. तीन द्या, पाच द्या, सात द्या. सम असतात ती मेलेल्यांची. फुलंवाल्या बायका तर आधी तेच विचारतात, कोणासाठी हवीत, आणि उत्तराप्रमाणे एक घालतात किंवा काढतात. चुकून एखाद्याने सम फुलं आणली तर घरातली माणसं हसून एक बाजूला काढतात आणि विसरून जातात. मार्ताही हसणार होती. पण तिने सोलोमियाचं तोंड बघितलं.

ते तोंड पांढरं पडलं होतं. नुसतं पांढरं नाही. चोरी उघडकीला आलेल्या माणसाचं होतं. इन्ना दोन ढांगांत पुढे आली, मार्ताच्या हातातल्या जुडग्यातून एक फूल उपसलं आणि झ्लाताला दिलं.

"हे तुझं. पाच आईची, एक तुझं. मावशी काय, आईला एकटीला देईल होय?"

"असंच होतं," सोलोमिया म्हणाली. "असंच ठरवलं होतं मी."

"अगं, सारखी सम फुलंच घेतेस तू, शाळेच्या मुलांबरोबर," मार्ता म्हणाली. "तोंडाला सवय लागली असणार. सगळ्या शहराला लागली आहे."

"हो ना," सोलोमिया म्हणाली. "सवय."

मार्ताने स्वतःलाही तेच बजावलं. सवय. तिने पाच ट्यूलिप छातीशी धरले आणि फोन काढायला खिशात हात घातला. हात तिथेच थांबला. कशामुळे थांबला ते तिला तेव्हा कळलं नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर एक जुनं औषधांचं दुकान आहे. पुढे गोळ्या मिळतात आणि मागच्या खोल्यांत पूर्वीच्या बरण्या, तराजू, खलबत्ते मांडून ठेवले आहेत. तिघींनाही तिथे बरं वाटलं. इन्नाने एका बरणीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाली, "हे औषध घेऊन माणूस मरायचा, पण खोकला थांबायचा." तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. दुकानातल्या बाईंनी शांतपणे गल्ल्याला कुलूप लावलं, "खाली चला, जिना जपून," म्हणाल्या आणि सगळ्यांना तळघरात नेलं. तिथेही बरण्या होत्या, दमट भिंती, आणि बाकांवर आधीच येऊन बसलेली दहाबारा माणसं. एक म्हातारा शब्दकोडं सोडवत होता. झ्लाता इन्नाच्या मांडीवर बसून तिच्या बांगडीशी खेळू लागली.

तळघरात फोनला सिग्नल नव्हता. चार दिवसांत पहिल्यांदाच मार्ताला फोन बघायची सोय नव्हती, आणि मोकळ्या झालेल्या तिच्या डोक्यात ती गोष्ट आली, जिच्यामुळे मघाशी हात थांबला होता.

आज कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारपासून रोज सकाळी सोलोमियाचा फोन यायचा. पहिला शब्द, "आला?" संध्याकाळी पुन्हा, "आला का गं?" इन्ना विन्नित्सियाहून दर दोन तासांनी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवायची; मार्ता तिच्यावर खेकसली तरी ती थांबली नव्हती. शुक्रवारी दुपारनंतर ते आपोआप बंद झालं. आणि आज सकाळपासून दोघी बरोबर होत्या, ती सारखी फोन काढत होती, ठेवत होती, आणि दोघींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं. ती फोन काढायची तेव्हा इन्ना दुसरीकडे बघायची. इन्ना, जी दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते वाकून बघते.

मग एकेक सरळ रांगेत येऊन उभं राहिलं. न मिळणारी रजा. रात्रीची बस. खडा टोचलेला गुडघा. आणि सकाळी इतक्या घाईने तिला घरातून बाहेर काढणं. ती दोन माणसं जिना चढून येतील तेव्हा दार बंद असावं, दारात मार्ता आणि झ्लाता दोघीच नसाव्यात. कोणीतरी येईपर्यंत. पण कोण?

ती सावकाश वळली.

"युर्कोचा काही निरोप?" तिने विचारलं. युर्को सोलोमियाचा मावसभाऊ. ओस्तापच्याच तुकडीत होता.

सोलोमिया वाकून झ्लाताच्या बुटाचा बंद बांधू लागली. "नाही. त्याचाही नाही. जंगल आहे ना तिथे." बंद आधीच बांधलेला होता. तिने तो सोडला आणि पुन्हा बांधला.

मार्ताने डोळे मिटले. तिच्यापुढे आता दोन वाटा होत्या. आत्ता विचारलं तर सोलोमिया खोटं बोलू शकणार नाही. तिला ते कधी जमलंच नाही, परीक्षेतल्या कॉपीचंही ती मास्तरांना जाऊन सांगायची. मग ते इथे, या दमट भिंतींत, शब्दकोडं सोडवणाऱ्या म्हाताऱ्यासमोर, झ्लाताच्या देखत बोललं जाईल. आणि नाही विचारलं तर? जोवर कोणी बोललं नाही तोवर ओस्ताप जंगलात आहे. सिग्नल नाही. त्याला थंडी वाजत असेल, तो कुरकुरत असेल, मोजे ओले झाले म्हणून.

दोघी मैत्रिणी तिच्यापासून लपवत होत्या. आता तीही त्यांच्यापासून लपवणार होती. संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं तिच्यात होतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"आई, तुझे हात गार आहेत," झ्लाता म्हणाली.

"तळघर आहे ना, पिल्ला."

भोंगा थांबल्यावर वर आल्या तेव्हा मार्तानेच झ्लाताला केकचं दुकान दाखवलं. ताज्या चीजचा केक, वर चॉकलेटचा थर. झ्लाताने आधी थर खाल्ला आणि मग उरलेला केक आईपुढे सरकवला. मार्ताने तो खाल्ला. पूर्ण खाल्ला. चव लागली नाही, पण दोघी बघत होत्या. मग ऑपेरा बघितला. पायऱ्या चढली, छतावरच्या त्या तीन पंखवाल्या मूर्तींकडे मान दुखेस्तोवर बघितलं. झाकलेल्या नव्हत्या. सोलोमियाच्या ते लक्षात आलं.

"अगं, तू तर बघणार नव्हतीस."

"विचार बदलला," मार्ता म्हणाली. "अजून काय आहे? दाखव सगळं."

सोलोमिया आणि इन्नाने एकमेकींकडे बघितलं. मार्ताने ते बघितल्याचं दाखवलं नाही. दुपार कलली तशी सोलोमिया वारंवार घड्याळ बघू लागली, आणि चारनंतर तर उलटंच झालं. आता त्या दोघींनाच घरी जायची घाई झाली. "झ्लाता दमली," इन्ना म्हणाली. "उद्या बघू," सोलोमिया म्हणाली. आणि मार्ताच थांबेना. पाद्र्यांचा मठ बघितला, बारुदखाना बघितला, किल्ल्याच्या भिंतीचा उरलेला तुकडा बघितला. घर म्हणजे जिना, जिना म्हणजे दार.

"टेकडी राहिली," ती म्हणाली.

"मार्ता, बास आता."

"वरून सगळं शहर दिसतं म्हणतात. तूच म्हणायचीस, टेकडी नाही बघितली तर ल्विव्ह नाही बघितलं."

"पोरीच्या पायाचे तुकडे पडलेत गं."

"मी घेते तिला."

तिने झ्लाताला पाठीवर घेतलं, फुलं इन्नाच्या हातात दिली आणि चढू लागली. वाट टेकडीला वळसे घेत जाते. पहिल्या वळणावर सोलोमियाचा फोन वाजला. ती मागे राहिली. वाऱ्यात तिचं बोलणं तुटक ऐकू आलं: "...नाही, नाही अजून... टेकडीवर... हो, ट्राम तिथेच थांबते... नका घाई करू, गुडघा जपा."

गुडघा. मार्ताने पोरीला पाठीवर सावरून घेतलं. मार्ताच्या वडिलांचा उजवा गुडघा वाकत नाही. सुमीचं घर, मधमाश्यांच्या पेट्या आणि आंधळं कुत्रं सोडून ते दोन वर्षांत एकदाही हलले नव्हते. गावावर गोळे पडत होते तेव्हा तिने पाया पडून बोलावलं होतं, तेव्हाही नाही. म्हणाले होते, माश्यांना कोण बघणार.

वर पोचल्या. जोराचा वारा होता. कठड्यापाशी एक जोडपं उभं होतं, ते जागा देऊन बाजूला झालं. आणि खाली शहर होतं. सगळं. घंटाघरं, हिरवे घुमट, लाल कौलं, चौकाची चौकट, ट्रामच्या तारा, लांबवर कारखान्यांची धुराडी. याला गुंडाळायला कोणाकडे एवढं कापड नव्हतं. मार्ता एकेक बघत गेली, डावीकडून उजवीकडे, घाई न करता. तिने काही सोडलं नाही. ऊन कौलांवरून सरकत होतं. झ्लाताने तिच्या खांद्यावरून हात लांब करून विचारलं, "आपलं घर कुठलं?" तिने बोट दाखवलं.

"बाबांनी दाखवायचं होतं ना हे?"

"हो," मार्ता म्हणाली.

मागे सोलोमिया आणि इन्ना उभ्या होत्या. इन्नाने सिगारेट पेटवली, आणि या खेपेला विझवली नाही.

मार्ताने खाली वाटेकडे बघितलं. सगळ्यात खालच्या वळणावर एक माणूस चढत होता. तिथून तो काडीएवढा दिसत होता. अंगात काळा कोट, मार्ताच्या आईच्या दफनाला शिवलेला; हातात काठी. उजवा पाय बाजूने फेकत, चार पावलं टाकून थांबत, पुन्हा चार टाकत. झाडांमागे गेला. पुढच्या वळणावर पुन्हा दिसला, जरा मोठा.

तिने झ्लाताला खाली उतरवलं. इन्नाकडून फुलं घेतली. वर्तमानपत्र सोडून कठड्याला टेकवून ठेवलं, वाऱ्याने ते उडून गेलं. मग ती पोरीसमोर उकिडवी बसली.

"तुझं फूल दे मला."

"का? हे माझं आहे. इन्ना मावशीने दिलंय."

"उद्या तुला दुसरं आणू. पिवळं."

झ्लाताने दिवसभर मुठीत धरून चोळामोळा केलेलं ट्यूलिप नाखुशीने पुढे केलं. मार्ताने त्याचं मोडलेलं देठ सरळ केलं आणि ते त्या पाचांमध्ये खोचलं. नीट बसेना, मान टाकत होतं. तिने बाकीच्यांच्या मध्ये त्याला आधार करून दिला.

सोलोमिया खाली बसली, दोन्ही गुडघ्यांवर, सकाळी रस्त्यावर बसली होती तशी. इन्नाने तोंड फिरवलं.

खालून काठीचा आवाज येऊ लागला होता. झ्लाताने वाकून बघितलं. "आई, ते बघ, आजोबा!" ती म्हणाली आणि वाटेने धावत सुटली.

तिला ऐकू जाणार नाही इतकी ती लांब जाईपर्यंत मार्ता थांबली.

"आता सांगा," ती म्हणाली.